सतरा सेंटिमीटर दोरा: मुंबई ते लंडन

लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या नातीने २०२५ च्या जून महिन्यात फोनवर विचारले, “आजी, तू माझ्यापासून किती लांब राहतेस?” ती तेव्हा आठ वर्षांची होती. “विमानाने दहा तास लागतात,” असे मी म्हणाले. ते उत्तर तिला मुळीच पटले नाही. “दहा तास म्हणजे वेळ झाली. मी अंतर विचारते आहे,” ती म्हणाली. सांगलीच्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे गणित आणि अधूनमधून भूगोल शिकवला आहे, आणि अंतर व वेळ यांची गल्लत करू नका असे मुलांना किती वेळा बजावले असेल याची गणती नाही. त्यामुळे तिचे म्हणणे मला फार लागले. सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता लेकीकडे जाणारच होतो. तोवर हे अंतर आपल्या हाताने काढायचे आणि प्रवासात ते पडताळून पाहायचे, असे मी ठरवले.

मोबाइलवर हा आकडा क्षणात मिळतो. मी तो पाहिलाही. एके ठिकाणी ७,२०० किलोमीटर, दुसरीकडे ४,४८० मैल आणि तिसरीकडे ३,८९० सागरी मैल असे लिहिलेले होते. तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत, फक्त मापे वेगळी आहेत, हे मला कळत होते. पण नातीला “मोबाइलमध्ये असे लिहिले आहे” हे सांगणे मला उत्तर वाटत नव्हते.

घरातल्या भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा आहे. त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवली, तर रेघ इराणच्या बंदर अब्बासजवळून, इराकमधील बगदादजवळून आणि तुर्कस्तानातील बुर्सा शहराजवळून जाते. ही रेघ सरळ दिसते, पण ती सर्वांत जवळची वाट नव्हे. हा नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा आहे, आणि गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरताना त्यात उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात. त्या रेघेची पृथ्वीवरील खरी लांबी हिशेबाने सुमारे ७,४०० किलोमीटर भरते, म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा दोनशेने जास्त. भूगोलाच्या तासाला मी ही गोष्ट प्रत्येक वर्गाला दाखवत असे. नकाशावरची पट्टी बाजूला ठेवायची आणि पृथ्वीगोलावर दोरा ताणायचा.

तेच मी पुन्हा केले. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल माझ्याकडे आहे. त्याचा विषुववृत्तावरचा घेर शिवणाच्या टेपने मोजला, तो ९४.२ सेंटिमीटर भरला. मग मुंबईवर एक टाचणी आणि लंडनवर दुसरी धरून गोधडीचा जाड दोरा त्यांच्यामध्ये घट्ट ताणला. यजमानांनी एक टोक धरले होते आणि मी दुसरे. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो, त्याला काही शिकवावे लागत नाही. तो पट्टीवर ठेवला तेव्हा बरोबर सतरा सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडले आणि ७,२१९ किलोमीटर हे उत्तर आले.

दोऱ्यात आणि टाचण्यांत चूक असू शकते म्हणून दुसऱ्या दिवशी सूत्राने पडताळा घेतला. मुंबईचे विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. लंडनचे हीथ्रो ५१.४७ अंश उत्तरेला आणि शून्य रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेला, ०.४५ अंशावर. दोन रेखांशांमधला कोन ७३.३२ अंशांचा झाला. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांमधील कोनाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवला की जो आकडा येतो, तो या दोन शहरांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेल्या कोनाचा कोसाइन असतो. माझा आकडा ०.४२४८ आला आणि कोन ६४.८६ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, त्यावरून अंतर ७,२१२ किलोमीटर. (साइन हा शब्दही मूळचा आपल्याच ‘ज्या’चा अरबी आणि लॅटिन असा प्रवास करून आलेला अवतार आहे, हे सांगितल्याशिवाय मी हा धडा कधी पुरा केला नाही, म्हणून येथेही सांगते.) पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्याने अशा हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, तरी गोधडीचा दोरा आणि सूत्र यांच्यात सातच किलोमीटरांचे अंतर राहिले, याचा मला मनापासून आनंद झाला.

त्याच सूत्राला थोडे पुढे नेले की वाटेत कोणती ठिकाणे लागतात हेही काढता येते. मुंबईहून निघालेली ही सर्वांत जवळची वाट वायव्येला जाते आणि पहिले मोठे शहर लागते ते कराची; जवळ नव्हे, अगदी डोक्यावरून. पुढे बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, आणि मग वाटेचा मध्यबिंदू जॉर्जिया व आर्मेनिया यांच्या सीमेपाशी, तिबिलिसी शहराच्या थोडा दक्षिणेला. तेथून काळ्या समुद्राची ईशान्य बाजू, ओडेसाचा परिसर, प्राग शहराच्या उत्तरेचा भाग, ऱ्हाइन नदी आणि इंग्लिश खाडीच्या तोंडावरून लंडन. कराचीचे नाव हिशेबातून वर आले तेव्हा मला १९३२ चे वर्ष आठवले. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ हे छोटे विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले, आणि ते टपाल लंडनहून इम्पीरियल एअरवेजच्या विमानांनी कराचीपर्यंत आलेले होते. लंडन ते मुंबई या वाटेवर कराची हे नैसर्गिक ठाणे आहे, हे दोऱ्याने मला पुन्हा दाखवले.

मात्र आमचे विमान त्या वाटेने जाणार नव्हते. भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानचे आकाश २४ एप्रिल २०२५ पासून बंद होते आणि युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सर्वच नागरी विमानांना बंद होते. आमची तिकिटे भारतीय कंपनीची होती. म्हणजे माझ्या दोऱ्याला सुरुवातीलाही अडथळा होता आणि शेवटच्या तृतीयांशातही. जावयांनी त्याच क्रमांकाच्या विमानाचा आदल्या काही दिवसांचा मार्ग पाहून कळवला: अरबी समुद्र ओलांडून मस्कत, आखातावरून कुवेतच्या बाजूने इराक, मग पूर्व तुर्कस्तान, काळ्या समुद्राचा पश्चिम किनारा, रुमानिया, आणि तेथून मध्य युरोपवरून लंडन. या ठिकाणी टाचण्या लावून मी दोरा पुन्हा फिरवला. तो १७.६ सेंटिमीटर भरला, आणि तुकड्यातुकड्यांचा हिशेब ७,४७५ किलोमीटर आला. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना पाकिस्तानचे आकाश टाळण्यासाठी आधी दक्षिणेकडे उतरावे लागते, तेवढा फेरा मुंबईकरांना पडत नाही, कारण मुंबईपुढे अरबी समुद्र मोकळा आहे.

टाचण्या लावलेला गोल आणि भिंतीवरचा नकाशा शेजारी ठेवून पाहताना माझ्या लक्षात आले, की विमानाची ही वाट नकाशावरच्या पट्टीच्या रेघेशी जवळजवळ जुळते. आखात, इराक, तुर्कस्तान. जी रेघ मी वर्षानुवर्षे वर्गात चुकीची म्हणून खोडायला लावली, तिच्याच आजूबाजूने तेव्हा विमाने जात होती, आणि लांबीतही दोहोंत सत्तर-ऐंशी किलोमीटरांचाच फरक आहे. भूमितीच्या दृष्टीने मी शिकवले ते बरोबरच होते. परंतु दोन शहरांमधले अंतर ठरवताना भूमितीखेरीज आणखी कोणाकोणाचे म्हणणे ऐकावे लागते, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते, याची त्या दिवशी फार चुटपुट लागली.

आता वेळेकडे येते. जाण्याच्या तिकिटावर मुंबईहून दुपारी १.१५ आणि लंडनला संध्याकाळी ६.२० अशा वेळा होत्या. पाहणाऱ्याला ही पाच तास पाच मिनिटे वाटतात. पण दोन्ही वेळा स्थानिक घड्याळाच्या आहेत. सप्टेंबरमध्ये लंडनचे घड्याळ उन्हाळी वेळेवर असते आणि आपण त्याच्या साडेचार तास पुढे असतो. ते मिळवले की नऊ तास पस्तीस मिनिटे होतात. परतीच्या तिकिटावर लंडनहून रात्री ८.४० आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११.०५ असे होते. वरवर चौदा तास पंचवीस मिनिटे. त्यातून साडेचार वजा करायला मी निघाले होते, पण परतीची तारीख २२ नोव्हेंबर होती, आणि ब्रिटनमधली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २६ तारखेला, एक तास मागे जाणार होती. म्हणून वजाबाकी साडेपाच तासांची. उत्तर आठ तास पंचावन्न मिनिटे. ही एका तासाची खाच अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि तिकिटावर ती कोठेही लिहिलेली नसते.

सांगलीहून मुंबईला आम्ही रात्रीच्या बसने गेलो. पावणेचारशे किलोमीटरांना नऊ तास लागले. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढच्या ७,४७५ किलोमीटरांनाही जवळपास तेवढाच वेळ लागणार होता, आणि नातीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मुंबईपासून नव्हे, तर सांगलीपासून सुरू होत होते.

१६ सप्टेंबरला विमानात मी वही मांडीवर घेऊनच बसले. चार वेळा टिपायच्या असे ठरवले होते: विमान फलाटापासून हलले ती, चाके जमिनीवरून सुटली ती, चाके पुन्हा टेकली ती, आणि विमान ठरल्या जागी थांबले ती. विमान १.३२ ला हलले आणि १.५८ ला उडाले. मधली सव्वीस मिनिटे आम्ही रांगेत होतो. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत; इतक्या मोठ्या शहराची वाहतूक तेव्हा प्रत्यक्षात एका धावपट्टीच्या बळावर चालत होती. तिकिटावरची वेळ ही हलल्यापासून थांबेपर्यंतची असते, उडाल्यापासून उतरेपर्यंतची नव्हे. ज्याला आपण उड्डाणाचा वेळ म्हणतो, त्यात ही रांगही धरलेली असते.

समोरच्या छोट्या पडद्यावर उंची, जमिनीच्या तुलनेत वेग, बाहेरचे तापमान आणि वारा हे सगळे दिसत होते. अरबी समुद्रावर वेग ताशी ९१५ किलोमीटरांच्या आसपास होता आणि वारा थोडासा पाठीमागून होता. पश्चिमेकडे जाताना पाठीमागून वारा, याचे शेजारच्या गृहस्थांना आश्चर्य वाटले. मोसमी पावसाच्या महिन्यांत भारतीय द्वीपकल्पावर, खूप उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वाऱ्याचा झोत असतो, पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. सप्टेंबरच्या मध्याला तो ओसरू लागलेला असतो, आणि त्याचा गाभा विमानाच्या उंचीपेक्षाही वर असतो. तरी त्याचा थोडा हात आम्हाला मिळाला असावा. इराक ओलांडल्यावर चित्र पालटले. तुर्कस्तानावर पश्चिमेचा वारा समोरून येऊ लागला आणि वेग ७९० पर्यंत उतरला. विमान हवेतून तितक्याच जोमाने जात होते. पण हवा स्वतः उलट दिशेने वाहत होती, आणि जमीन कापण्याचा वेग त्या दोहोंच्या वजाबाकीवर ठरत होता. आठवीच्या पुस्तकातले नदी आणि नावेचे उदाहरण मी शेकडो मुलांकडून सोडवून घेतले असेल. अकरा किलोमीटर उंचीवर, खिडकीपाशी बसून, मी पहिल्यांदाच त्या नावेत होते.

खिडकीबाहेर दुपार संपत नव्हती. सूर्य पश्चिमेकडे जात होता आणि आम्हीही. मुंबईत दुपारी दोनला उडालेले विमान नऊ तासांनी लंडनजवळ आले, तेव्हाही ऊन होतेच. तेथे लगेच उतरता आले नाही. हीथ्रोकडे येणाऱ्या विमानांना गर्दीच्या वेळी शहराभोवतालच्या चार ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबवतात. आम्हाला ईशान्येकडच्या लॅम्बोर्न येथे बारा मिनिटे थांबवले. यजमानांना वाटले काही बिघाड झाला. मी त्यांना पडद्यावरची वर्तुळे दाखवली. ६.३३ ला चाके टेकली, ६.४६ ला विमान थांबले. हवेतला वेळ नऊ तास पाच मिनिटे, आणि हलल्यापासून थांबेपर्यंत नऊ तास चव्वेचाळीस मिनिटे. ७,४७५ ला नऊ तास पाच मिनिटांनी भागले की ताशी सरासरी ८२३ किलोमीटर येतात.

नातीने दारातच विचारले, “मोजलेस?” वही तिच्या हाती दिली. पुढच्या दोन महिन्यांत तिने ती वही पाठ केली म्हटले तरी चालेल. तिला सर्वांत आवडली ती जुन्या मुंबई वेळेची गोष्ट. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, पण मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, आणि या शहराने ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे चालणारी आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली होती. सूर्याला विचारले तर मुंबई आणि लंडन यांच्यातील फरक पाच तासांहून थोडा कमीच आहे. साडेचार आणि साडेपाच हे दोन्ही माणसांनी सोयीसाठी ठरवलेले आकडे आहेत. “मग खरे कोणते?” असे ती विचारत राहिली, आणि २६ ऑक्टोबरच्या सकाळी घरातली भिंतीवरची घड्याळे मागे करण्याचे काम तिने माझ्याकडून हट्टाने मागून घेतले.

तिच्यासोबत आणखी एक मोजमाप झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. भारतीय कंपनीचे या दोन शहरांमधले ते पहिले उड्डाण. त्या मार्गाची लांबी आम्ही दोघींनी मिळून काढली, ती सुमारे ७,९०० किलोमीटर आली. त्याआधीचा मोठा प्रवास बोटीचा. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले, मार्सेयला उतरून रेल्वेने पुढे गेले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. चौदा दिवस. आमची नऊ तासांची तक्रार करणे मी त्यानंतर थांबवले.

परतीचे विमान २२ नोव्हेंबरला रात्री ८.५२ ला हलले आणि ९.१९ ला उडाले. या वेळी झोपायचे नाही असे ठरवले होते, कारण हिवाळ्यात उपोष्ण पट्ट्यातला पश्चिमेचा झोत जोर धरतो आणि तो तुर्कस्तान, इराकच्या बाजूला आमच्या वाटेवर असणार होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर पडद्यावरचा वेग ९५० झाला, मग ९९०, आणि पूर्व तुर्कस्तानावर १,०४०. बाहेरचे तापमान उणे ५६ अंश होते. इतक्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणून क्षणभर छाती धडधडली. पण विमान हवेच्या तुलनेत नेहमीच्याच नऊशेच्या आसपास वेगाने जात होते आणि वरचे सगळे वाऱ्याचे दान होते. आखातावर पोहोचेपर्यंत पूर्वेला उजाडू लागले. या दिशेने येताना रात्र आखूड होते, जेवण आणि न्याहारी यांच्यात फारसे अंतर राहत नाही, आणि माझ्या अनुभवाने शरीराला हीच दिशा जास्त जड जाते. सांगलीत आल्यावर चांगले पाच दिवस मला पहाटे तीनपर्यंत झोप येत नव्हती.

मुंबईत १०.५६ ला चाके टेकली, ११.०९ ला विमान थांबले. हवेतला वेळ आठ तास सात मिनिटे. जाताना नऊ तास पाच मिनिटे, येताना आठ तास सात. तीच शहरे, जवळपास तीच वाट, आणि फरक अठ्ठावन्न मिनिटांचा. सरासरी वेग ताशी ९२१ किलोमीटर. “किती तास लागतात” या प्रश्नाला ज्याने कोणी एकच आकडा सांगितला, त्याला मी यापुढे “कोणत्या दिशेने आणि कोणत्या महिन्यात” असे विचारणार आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नातीचा फोन आला, तेव्हा ती काळजीत होती. तिला वाढदिवसाला नवा पृथ्वीगोल मिळाला होता आणि लोकरीचा धागा ताणून तिने मुंबई ते लंडन मोजले होते. “आजी, तुझे सतरा सेंटिमीटर होते. माझे अकरा पूर्णांक तीनच आले. मी चुकले का?” तिला म्हटले, आधी तुझ्या गोलाचा घेर मोज. फोन टेबलावर ठेवून ती गेली, पाचेक मिनिटांनी परत आली आणि त्रेसष्ट म्हणाली. पुढे काय करायचे ते मी सांगितले नाही. पेन्सिलीचा आवाज ऐकत बसले. तिचे उत्तर ७,१७५ किलोमीटर आले. माझ्या दोऱ्याचे ७,२१९ होते आणि सूत्राचे ७,२१२. तिन्ही आकडे मी वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहिले आणि तिच्या आकड्यापुढे तारीख घातली.